नत्राचा एक अणू आणि जीवाणूंचे जगणे-मरणे

कोकणात मासळी घरी आली की ती साफ करून तिला मीठ-हळद लावतात आणि वर लिंबू पिळतात किंवा कोकमाचे आगळ चोळतात. का, असे विचारले तर ‘वास जातो’ असे उत्तर मिळते. वास खरोखरच कमी होतो. पण वास गेला म्हणजे वास देणारा पदार्थही गेला का? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात एकदा टाकून पाहावा. बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. काही जण म्हणतात, ‘लिंबाच्या वासाखाली तो झाकला जातो.’ दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि बरोबर उत्तर शोधता शोधता आपण थेट जीवाणूंच्या जगण्या-मरण्यापर्यंत जाऊन पोचतो.

अमाइन म्हणजे काय?

अमोनियाचा रेणू आपल्या ओळखीचा आहे. मध्ये नत्राचा (नायट्रोजनचा) एक अणू आणि त्याला जोडलेले हायड्रोजनचे तीन अणू. यातल्या एका, दोन किंवा तिन्ही हायड्रोजनच्या जागी कार्बनयुक्त गट बसवला की जे संयुग तयार होते त्याला अमाइन म्हणतात. मासळीच्या वासाचा मुख्य धनी ट्रायमिथिल अमाइन. त्यात तिन्ही हायड्रोजनची जागा मिथिल गटांनी घेतलेली असते.

अमाइनच्या वागण्याची किल्ली नत्राच्या अणूकडे आहे. त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते. आसपास आम्ल असेल तर ही जोडी आम्लातला हायड्रोजन आयन पकडते आणि सगळ्या रेणूवर धन विद्युतभार येतो. म्हणजे अमाइन हे अल्कधर्मी असते आणि आम्लाशी संयोग पावून क्षार बनवते. लिंबू पिळल्यावर हेच घडते. ट्रायमिथिल अमाइन हवेत उडून जाणारे, म्हणून नाकापर्यंत पोचणारे. त्याचा क्षार मात्र उडत नाही, पाण्यात विरघळून राहतो. थोडक्यात, पदार्थ तिथेच असतो, फक्त आपल्या नाकाला त्याची बातमी कळत नाही.

याचा पुरावा वर्गात देता येतो. मासळी धुतलेले पाणी घ्या, त्यात लिंबू पिळा आणि वास कमी झाल्याची खात्री करा. आता त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जा. आम्ल संपून द्रावण अल्कधर्मी झाले की वास परत येतो. हा प्रयोग मुले विसरत नाहीत!

वास येतो कोठून?

ताज्या समुद्री मासळीला हा वास जवळजवळ नसतो. समुद्री माशांच्या पेशींत ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड नावाचा बिनवासाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात पेशींतले पाण्याचे प्रमाण सांभाळायला तो माशाच्या उपयोगी पडतो. मासा मेल्यावर त्याच्या अंगावरचे आणि आतड्यातले जीवाणू वाढू लागतात. जवळचा प्राणवायू लवकरच संपतो. मग त्यांनी श्वसन कसे करायचे?

आपल्या श्वसनात प्राणवायूचे काम शेवटचे असते. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन अखेरीस त्याच्या स्वाधीन करायचे असतात. काही जीवाणूंना हे इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन केले तरी चालते. ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड हा असाच एक पर्याय. इलेक्ट्रॉन स्वीकारले की त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे उरते ट्रायमिथिल अमाइन. म्हणजे मासळीचा वास हा प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंच्या श्वसनाचा अवशेष आहे. जसजशी त्यांची संख्या वाढते तसतसा वासही वाढतो.

वाढीला लागणारी अमाइने

जीवाणू आणि अमाइने यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. बर्लिनमधील वैद्य लुडविग ब्रिगर यांनी १८८५ साली कुजणाऱ्या मांसातून दोन अमाइने वेगळी केली. वास असा की त्यांची नावेही तशीच पडली : कुजण्यावरून प्युट्रेसिन आणि प्रेतावरून कॅडॅव्हरिन. पुष्कळ वर्षे ही संयुगे म्हणजे केवळ सडण्याची घाण, असेच मानले जाई. पुढे लक्षात आले की प्युट्रेसिन आणि त्यापासून बनणारे स्पर्मिडिन हे निरोगी, वाढत्या पेशींतही असतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत तर ती मुबलक असतात.

त्यांचे काम काय? डीएनए आणि आरएनए हे लांबलचक रेणू ऋण विद्युतभाराने भरलेले असतात. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून हे रेणू नीट घडी घालून ठेवणे अवघड असते. प्युट्रेसिनवर दोन आणि स्पर्मिडिनवर तीन धनभार असतात. ही छोटी, लवचिक संयुगे ऋणभारांच्या मध्ये बसतात आणि ताण कमी करतात. विशेषतः प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएला त्यांचा मोठा आधार असतो.

एखादी गोष्ट किती आवश्यक आहे हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती काढून टाकून पाहणे. अमेरिकेतील हर्बर्ट आणि सीलिया टेबर या दांपत्याने आयुष्यभर याच अमाइनांचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगशाळेने ही अमाइने बनवणारी सगळी जनुके काढून टाकलेला ई. कोलाय तयार केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. हा जीवाणू हवेत वाढला, पण जवळजवळ निम्म्याच वेगाने. प्राणवायू पूर्ण काढून घेतल्यावर मात्र तो वाढेनासा झाला. ई. कोलायचे नेहमीचे घर असलेल्या आतड्यात प्राणवायू नसल्यासारखाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

आम्लाच्या नदीतून पैलतीराला

आतड्यात पोचायचे तर आधी जठर ओलांडावे लागते. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, लिंबाच्या रसाइतके किंवा त्याहूनही तीव्र. अन्नाबरोबर येणारे पुष्कळसे जीवाणू इथेच मरतात. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्यातले काही मात्र वाचतात. त्यांच्या अनेक युक्त्यांपैकी एक अमाइनांची आहे.

अमिनो आम्लाच्या रेणूत एक अमाइन गट असतो आणि एक आम्लगट. जीवाणूमध्ये काही विकरे (एन्झाइम) अशी असतात की ती या आम्लगटाचा कार्बन डायऑक्साइड करून तो काढून टाकतात. लायसिन या अमिनो आम्लापासून असे केल्यावर कॅडॅव्हरिन मिळते. प्रत्येक वेळी या क्रियेत पेशीतला एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो. तयार झालेले कॅडॅव्हरिन बाहेर टाकायचे आणि त्याच दारातून लायसिनचा नवा रेणू आत घ्यायचा, असा व्यवहार चालतो. होडीत पाणी शिरत असताना वाडग्याने ते उपसत राहावे, तसा हा प्रकार आहे.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत याच क्रियेचा उपयोग जीवाणू ओळखण्यासाठी करतात. लायसिन आणि एक रंगदर्शक घातलेल्या द्रावणात जीवाणू वाढवतात. आधी साखर वापरून आम्ल तयार होते व द्रावण पिवळे पडते. विकर असेल तर अमाइन तयार होऊन ते पुन्हा जांभळे होते. साल्मोनेलाची बहुतेक जांभळी नळी देते, शिगेला पिवळीच राहते.

शिगेला हा रक्ती आव करणारा जीवाणू. तो ई. कोलायचा इतका जवळचा भाऊबंद आहे की दोघांना वेगळे मानणेही कठीण. मग हे उपयोगी विकर त्याने का गमावले? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे उत्तर मिळाले. शिगेलाच्या विषाचा आतड्यावर होणारा परिणाम कॅडॅव्हरिनमुळे अडतो. ते बनवण्याची क्षमता गमावलेला शिगेला अधिक यशस्वी रोगकारक ठरला. एकाला जगवणारे अमाइन दुसऱ्याच्या वाटेतली धोंड होते.

लिंबाने न जाणारा धोका

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. बांगडा, तारली, ट्यूना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी उन्हात किंवा बर्फावाचून काही तास पडून राहिली तर मॉर्गनेला व त्यासारखे जीवाणू वाढतात आणि वर सांगितलेल्याच रीतीने हिस्टिडिनपासून हिस्टामिन तयार करतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा आपल्या शरीरात जे स्रवते तेच हे अमाइन. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात तोंड लाल होणे, खाज, डोकेदुखी, उलटी, धडधड असा त्रास होऊ शकतो. घरची माणसे म्हणतात, ‘याला मासळीची ॲलर्जी आहे.’ पुष्कळदा दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीचा नसून मासळी ठेवण्याच्या पद्धतीचा असतो.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, हिस्टामिन शिजवण्याने किंवा तळण्याने नाहीसे होत नाही. जीवाणू मरतात, त्यांनी बनवलेले अमाइन राहते. दुसरी, हिस्टामिनला ट्रायमिथिल अमाइनसारखा वास नसतो, तेव्हा वास नाही म्हणजे मासा चांगला असे म्हणता येत नाही. तिसरी, लिंबू किंवा आगळ फक्त वासाचा बंदोबस्त करते. उपाय एकच : मासा पकडल्यापासून चुलीवर चढेपर्यंत बर्फात ठेवणे.

दिसायला सारखे, पण खोटे

आतापर्यंत जीवाणूंना उपयोगी पडणारी अमाइने पाहिली. त्यांना मारणाऱ्या किंवा रोखणाऱ्या अमाइनांच्या कथेत जर्मनीतल्या गेरहार्ड डोमाक या एकाच संशोधकाचे नाव दोनदा येते.

बायरच्या प्रयोगशाळेत डोमाक रंगद्रव्ये जीवाणूंवर तपासत असत. १९३२ साली प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याने स्ट्रेप्टोकॉकसची लागण झालेले उंदीर वाचले. १९३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हाताला सुई लागून विषार चढला तेव्हा तिलाही त्यांनी हेच औषध दिले आणि ती वाचली. १९३९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, पण नाझी राजवटीने ते नाकारायला भाग पाडले. पदक हाती यायला १९४७ साल उजाडले.

एक कोडे मात्र होते. प्रॉन्टोसिल उंदरात काम करी, परीक्षानळीत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी १९३५ सालीच ते सोडवले. शरीरात हा रेणू तुटतो आणि त्यातून सल्फॅनिलामाइड हे साधे, रंगहीन अमाइन बाहेर पडते. खरे औषध ते होते.

ते काम कसे करते हे डोनाल्ड वुड्स यांनी १९४० साली दाखवले. जीवाणूंना फॉलिक आम्ल स्वतः बनवावे लागते आणि त्यासाठी पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल हा कच्चा माल लागतो. बेंझिनच्या कड्याच्या एका टोकाला अमाइन गट, समोरच्या टोकाला आम्लगट, अशी त्याची रचना. सल्फॅनिलामाइडमध्येही एका टोकाला तोच अमाइन गट असतो, समोर मात्र गंधकाचा गट. आकार इतका सारखा की जीवाणूचे विकर फसते आणि खोट्या रेणूला धरून बसते. कुलपात सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या किल्लीने जागा अडवावी, तसे हे आहे. फॉलिक आम्ल न मिळाल्याने डीएनए बनत नाही आणि वाढ थांबते. माणूस फॉलिक आम्ल अन्नातूनच मिळवतो, त्याच्याकडे हे विकर नसते. म्हणून त्याची या बाबतीत हानी होत नाही.

इथे ‘वाढ थांबणे’ आणि ‘मरणे’ यांतला फरक मुलांना जरूर सांगावा. सल्फा औषधे बहुधा वाढ थांबवतात, उरलेले काम शरीराची संरक्षक यंत्रणा करते. वुड्स यांच्या प्रयोगात खरा कच्चा माल जास्त घातला की जीवाणू पुन्हा वाढू लागत. खऱ्या आणि खोट्या रेणूंची ही स्पर्धाच असते. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन हे दोन अमाइन गट असलेले औषधही याच रीतीने काम करते. नुसत्या डॅप्सोनला कुष्ठरोगाचे जंतू दाद देईनासे झाले म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला इतर औषधांची जोड द्यायची शिफारस केली, आणि ती बहुविध औषधपद्धती आपल्याकडे गावोगाव पोचली.

प्रथमोपचाराच्या पेटीतले अमाइन

डोमाक यांनी त्याच १९३५ साली आणखी एक निबंध लिहिला, बेंझाल्कोनियम क्लोराइडवर. नत्राला तीनऐवजी चार कार्बनी गट जोडले की त्यावर कायमचा धनभार येतो, मग आसपास आम्ल असो वा नसो. अशा संयुगांना चतुर्थक अमोनियम संयुगे म्हणतात. बाटलीवर ‘सेट्रिमाइड’ किंवा ‘बेंझाल्कोनियम’ असे छापलेले असेल तर ती हीच. त्यांतल्या एका गटात बारा ते सोळा कार्बनांची लांब शेपटी असते. जीवाणूच्या पेशीपटलाची बाहेरची बाजू ऋणभारित, तिला धनभारित डोके चिकटते. तेलकट शेपटी पटलात घुसते. पुरेसे रेणू घुसले की पटल फाटते, पेशीतले पोटॅशियम व इतर पदार्थ गळू लागतात आणि जीवाणू मरतो.

आमच्या शाळेत अनेक वर्षे एक पद्धत होती. मैदानावर खरचटलेले मूल आले की साबणाने जखम धुवायची आणि फेस तसाच असताना त्यावर हे जंतुनाशक ओतायचे. शिवाय पेटीत एक बरणी होती. पातळ केलेल्या जंतुनाशकात बुडवलेले कापसाचे बोळे तिच्यात आठवडा-आठवडा ठेवलेले असत. दोन्ही कामे मीच मोठ्या श्रद्धेने करत असे. दोन्ही चुकीची होती.

साबणाच्या रेणूलाही लांब शेपटी असते, पण त्याच्या डोक्यावर ऋणभार असतो. धन आणि ऋण डोकी एकमेकांना धरतात. जंतुनाशक जीवाणूपर्यंत पोचण्याआधीच साबणाच्या मिठीत निकामी होते, आणि साबणही वाया जातो. तेव्हा जखम साबणाने धुवावी, स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढावा, मगच जंतुनाशक लावावे. फरशी पुसण्याच्या बादलीतही साबणाची पूड आणि असे जंतुनाशक एकत्र घालू नये.

कापसाची गोष्ट तशीच. कापसाचे तंतू ही संयुगे स्वतःकडे ओढून घेतात आणि द्रावण दुबळे होत जाते. स्यूडोमोनससारख्या जीवाणूंना बाहेरचे जादा पटल असते, त्यामुळे ते मुळातच चिवट. दुबळ्या द्रावणात ते नुसते तगत नाहीत, वाढतातही. जंतुनाशकाच्या बरणीतूनच रुग्णांना लागण झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. द्रावण लागेल तेवढे, त्याच वेळी, लेबलवरच्या प्रमाणात करावे, कोरडा कापूस त्यात बुडवून वापरावा आणि उरलेले टाकून द्यावे. क्षयाचे जंतू आणि बीजाणू यांच्यापुढे ही संयुगे दुबळीच ठरतात, हेही लक्षात असावे.

जीवाणूंचे प्रत्युत्तर

कमी मात्रेचा आणखी एक तोटा आहे. काही स्टॅफिलोकॉकस जीवाणूंच्या पटलात असे पंप असतात की ते आत आलेले चतुर्थक अमोनियम संयुग बाहेर फेकतात. मात्रा भरपूर असेल तर पंप अपुरे पडतात. मात्रा कमी असेल तर पंपवाले जगतात, बाकीचे मरतात आणि पुढची पिढी पंपवाल्यांची होते.

यातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग पुढे आहे. जीवाणू एकमेकांना जनुकांचे गठ्ठे देतात. त्यांतल्या एका फार पसरलेल्या गठ्ठ्यात दोन जनुके शेजारी-शेजारी असतात. एक अशा पंपाचे, जरी ते अर्धवट राहिलेले असले तरी. दुसरे सल्फा औषधाला न फसणाऱ्या विकराचे. डोमाक यांनी एकाच वर्षी जगापुढे ठेवलेल्या दोन अस्त्रांवरची उत्तरे जीवाणूंनी एकाच गाठोड्यात बांधली आहेत. गाठोडे एकत्र फिरते, म्हणून एका रसायनाचा बेफिकीर वापर दुसऱ्या औषधाचीही धार बोथट करू शकतो. २०२० च्या महासाथीत ही जंतुनाशके घराघरांत आणि शाळाशाळांत शिरली. तेव्हापासून हा मुद्दा केवळ रुग्णालयांपुरता उरलेला नाही.

वर्गात करून पाहा

१. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात अंगाच्या साबणाचे गाळून घेतलेले पातळ द्रावण करा, दुसऱ्यात सेट्रिमाइड असलेल्या जंतुनाशकाचे. दोन्हींमधून अक्षरे वाचता येतात ना, ते पाहा. आता एकात दुसरे थोडे थोडे ओता. द्रावण गढूळ होते. प्रत्येक वेळी काय बदलले ते मुलांना लिहायला सांगा. पाणी जड असेल तर साबण नुसत्या पाण्यातही गढूळ होतो, म्हणून शक्य तर उकळून गार केलेले पावसाचे पाणी वापरा.

२. रोगजंतू वाढवण्याचे प्रयोग शाळेत करू नयेत. दह्याचे जीवाणू मात्र निरुपद्रवी असतात. चार वाट्यांत सारखेच कोमट दूध आणि सारखेच विरजण घ्या. पहिलीत काही घालू नका. बाकीच्यांत जंतुनाशकाचे अनुक्रमे २, ८ आणि २० थेंब घालून ढवळा. दर दोन तासांनी कोणते दही लागले ते नोंदवा. दुग्धालयांत अशा संयुगांनी धुतलेली भांडी नीट विसळली नाहीत तर विरजण लागत नाही, हा जुना अनुभव आहे. दुधातली प्रथिनेही यातले काही जंतुनाशक अडवून ठेवतात, म्हणून पाण्यापेक्षा दुधात ते जास्त लागते. रक्ताने माखलेल्या जखमेवर काय होत असेल, याचा विचार मुलांनाच करू द्या. प्रयोगानंतर सगळ्या वाट्या ओतून द्याव्यात. चव कोणीही घेऊ नये. वाट्या स्वयंपाकाच्या नसाव्यात.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. लिंबाने वास गेला तरी अमाइन जागेवरच राहते, फक्त त्यावर धनभार येतो. डीएनएचा ताण कमी करणारा आणि पेशीपटल फाडणारा धनभार हाच. नत्राचा अणू चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या रेणूत आहे, किती आहे आणि शेजारी कोण आहे, यावर सगळे अवलंबून असते. मुलांनी एवढे जरी लक्षात ठेवले आणि शाळेच्या पेटीतली ती बरणी आजच रिकामी झाली, तरी हा तास सत्कारणी लागला म्हणायचे.